‘असतं’ आणि ‘असू शकतं’: दुसऱ्या विश्वातल्या स्थिरांकांबद्दल

परवा नात्यातल्या एका नववीतल्या मुलीने मला विचारलं, "काका, दुसऱ्या युनिव्हर्समध्ये इलेक्ट्रॉनचं वजन वेगळं असतं ना?" प्रश्न मला मनापासून आवडला, पण त्यातला तो ‘असतं ना’ डोक्यातून जाईना. तिने हे कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं होतं आणि तिथे ते पृथ्वी सूर्याभोवती फिरते इतक्या ठामपणे सांगितलं होतं. मी तेव्हा दिलेलं उत्तर घाईतलं आणि अर्धवट होतं, म्हणून इथे नीट लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. स्थिरांक, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानासारखे निसर्गाचे ठरलेले आकडे, दुसरीकडे वेगळे असू शकतात ही कल्पना हवेतली नाही, तिला फिजिक्समध्ये चांगला आधार आहे आणि तिला सरसकट थोतांड म्हणणारे चुकतायत असं मला वाटतं. पण ‘असू शकतात’ वरून ‘असतात’ वर जी उडी मारली जाते, आणि मग त्या ‘असतात’ च्या जोरावर आपल्या विश्वाचं कोडं सुटलं असं जे सांगितलं जातं, तो हक्क आपण अजून कमावलेला नाही. आणि तो कमवायचा रस्ता दुसऱ्या विश्वात जात नाही, याच आकाशातून, याच पृथ्वीवरच्या दगडांतून आणि घड्याळांतून जातो. लोकांना सांगताना नेमका हाच भाग गाळला जातो.

सुरुवातीला एक गोंधळ दूर करू. ‘दुसऱ्या विश्वात प्रकाशाचा वेग वेगळा असेल’ असं लोक म्हणतात, पण १९८३ पासून मीटरची व्याख्याच अशी आहे की प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर येणारच, म्हणजे तो आकडा आता आपणच ठरवलेला आहे. ज्या आकड्याला एकक चिकटलेलं आहे तो बदलला की एकक बदललं हे वेगळं सांगताच येत नाही. विचारायला अर्थ आहे तो बिनएककाच्या आकड्यांबद्दल. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा साधारण १८३६ पट जड आहे, ही एकमेकांशी तुलना, मग तुम्ही किलो वापरा नाहीतर दुसरं काही. तसाच अल्फा, म्हणजे विद्युतचुंबकीय बल किती जोरकस आहे ते सांगणारा आकडा, साधारण १ भागिले १३७.०३६. कणांच्या आजच्या स्टँडर्ड मॉडेलमध्ये असे १९ आकडे आपल्याला बाहेरून मोजून घालावे लागतात, न्यूट्रिनोंची वस्तुमानं वगैरे धरली तर २६ च्या आसपास. हे आकडे असेच का, याचं उत्तर थिअरी देत नाही, आणि सगळा वाद त्या ‘का’ चा आहे.

आता ‘असू शकतात’ ची बाजू, कारण ती भक्कम आहे. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की त्याचं चुंबकत्व जातं, आतल्या अणूंना कुठलीच दिशा खास नसते. थंड करा, की त्याच्या छोट्या छोट्या भागांत अणू एकेक दिशा पकडतात, या भागात ही, शेजारच्या भागात ती. नियम सगळीकडे एकच, पण गारठताना प्रत्येक भागाने आपली दिशा वेगळी निवडली. अशा एका भागातच जन्मून तिथेच मरणारा इवलासा जीव असता तर त्याने ‘ही दिशा’ हा निसर्गनियम म्हणूनच पाठ केला असता, आणि त्याची सगळी मोजमापं त्याला दुजोराच देत राहिली असती.

आणि हे नुसतं उदाहरण नाही, आपल्याच विश्वात असं काहीतरी घडून गेलंय असं आपली सगळ्यात चांगली थिअरी सांगते. इलेक्ट्रॉनला वस्तुमान मिळतं ते सगळ्या अवकाशात पसरलेल्या हिग्ज फील्डमुळे (फील्ड म्हणजे क्षेत्र), त्या फील्डचा कण २०१२ मध्ये सापडला. विश्व अगदी सुरुवातीला, सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही आधी, इतकं तापलेलं होतं की हे फील्ड शून्यावर होतं, म्हणजे इलेक्ट्रॉनला ते वस्तुमान नव्हतंच. थंड होता होता फील्ड एका किमतीवर बसलं आणि मग आपण ज्याला स्थिरांक म्हणून पुस्तकात छापतो तो आकडा तयार झाला. खालचा नियम तोच, वरचा आकडा मात्र इतिहासातून आला. मग फील्ड दुसरीकडे दुसऱ्या किमतीवर बसलं असेल का, हा प्रश्न वेडगळ कसा म्हणायचा?

स्ट्रिंग थिअरीवाल्यांनी, म्हणजे कण हे मुळात थरथरणारे इवले धागे आहेत असं मानणाऱ्यांनी, हाच विचार पुढे ताणला. २००० साली बूसो आणि पोल्चिन्स्की यांनी दाखवलं की जादा मिती गुंडाळायच्या वेगवेगळ्या पद्धती धरल्या तर रिकाम्या अवकाशाच्या शांत बसण्याच्या अवस्था अगणित होतात, पुढे १ वर ५०० शून्यं असा अंदाज प्रसिद्ध झाला आणि २००३ मध्ये ससकिंडने त्या सगळ्या पसाऱ्याला लँडस्केप हे नाव दिलं. त्याला १९८० च्या दशकात लिंडे आणि विलेन्किन यांनी मांडलेली कधीच न थांबणाऱ्या इन्फ्लेशनची, म्हणजे अवकाशाच्या प्रचंड वेगाने फुगण्याची, कल्पना जोडा, म्हणजे फुगत जाणाऱ्या अवकाशात बुडबुडे सुटत राहतात आणि प्रत्येक बुडबुडा लँडस्केपमधल्या एकेका अवस्थेत बसतो, की झालं, बुडबुड्यागणिक वेगळे स्थिरांक. लक्षात घ्या, हे फक्त याच प्रकारच्या बहुविश्वाला लागू आहे. एव्हरेटने १९५७ मध्ये क्वांटम मेकॅनिक्समधून विश्वाच्या ज्या फांद्या मांडल्या (प्रत्येक शक्य निकालाची एक वेगळी फांदी) त्यांत, आपलं विश्व आपल्याला दिसतं त्याच्या खूप पलीकडे तसंच पसरलंय या साध्या अर्थाच्या बहुविश्वात तर नाहीच नाही, स्थिरांक वेगळे असायचं काही कारण नसतं. व्हिडिओत या तिन्ही गोष्टी एकाच पिशवीत घालून हलवतात, त्या मुलीचा गोंधळ तिथूनच आला होता.

इथे मला केप्लर आठवतो. ग्रह सहाच का (तेव्हा सहाच माहीत होते) आणि सूर्यापासूनची त्यांची अंतरं तेवढीच का, या प्रश्नाने तो १५९६ साली झपाटला होता, पाच सुसम घनाकृती एकात एक बसवून तो ती अंतरं काढू पाहत होता. बुद्धीत काही कमी नव्हती, पण त्या अंतरांमागे तसा नियमच नाही, सूर्यमाला कशी घडली त्या इतिहासाची ती खूण आहे. बहुविश्ववाले म्हणतात की अल्फा १३७ का हे विचारणारे आजचे लोक केप्लरचीच चूक करतायत. म्हणणं दमदार आहे. पण केप्लर चुकीच्या वाटेवर होता हे आपल्याला दोन पायऱ्यांनी कळलं, हे विसरू नका. आधी न्यूटनच्या नियमातून समजलं की ग्रह कुठल्याही अंतरावर फिरू शकतो, आणि मग १९९५ पासून सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह खरंच सापडायला लागले, अंतरं सगळी वेगवेगळी. लँडस्केपच्या बाबतीत आपण पहिल्या पायरीवर अर्धे उभे आहोत, कारण त्या अवस्था खरोखर शक्य आहेत का यावरच भांडण आहे. २०१८ मध्ये वाफा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तर असा अंदाज मांडला की आपल्यासारखी धन ऊर्जा असलेली एकही स्थिर अवस्था स्ट्रिंग थिअरीत बसत नसावी. आणि दुसऱ्या पायरीवर, म्हणजे प्रत्यक्ष दिसण्यावर, काहीच नाही.

मग लोकांचा विश्वास बसला कशामुळे? मोठ्या प्रमाणात फाइन ट्यूनिंगमुळे, म्हणजे आकडे जरा हलले असते तर आपण नसतो या युक्तिवादामुळे. याची लाडकी गोष्ट खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलची. ताऱ्यात कार्बन बनायचा तर दोन हेलियम चिकटून बेरिलियम होतं, ते सेकंदाच्या अब्जांशाच्याही कोट्यवधीव्या भागात फुटतं, तेवढ्यात तिसरा हेलियम येऊन बसायला हवा. हे पुरेशा वेगाने व्हायचं तर कार्बनच्या केंद्रकात नेमक्या जागी एक ऊर्जापातळी पाहिजे असं हॉइलने १९५३ मध्ये सांगितलं आणि प्रयोगात ती साधारण ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला सापडली. अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे, मला आजही येतो. पण हॉइल तेव्हा एवढंच म्हणत होता की विश्वात कार्बन भरपूर आहे, तेव्हा तो बनायची सोय असलीच पाहिजे. त्यात माणूस नव्हता, दुसरी विश्वं नव्हती, ते रंग नंतर चढले. आपण असू शकतो अशाच विश्वात आपण स्वतःला पाहणार, या विचाराला अँथ्रॉपिक प्रिन्सिपल हे नाव ब्रँडन कार्टरने दिलं ते १९७० च्या दशकात.

आणि ‘जरा हललं की सगळं संपलं’ हेसुद्धा तितकं खरं नाही. बहुतेक वेळा लोक एकच बटण फिरवतात आणि बाकीची तशीच ठेवतात. २००६ मध्ये हार्निक, क्रिब्ज आणि पेरेझ यांनी वीक फोर्स, म्हणजे काही किरणोत्सर्गी बदलांमागचं बल, पूर्णपणे काढून टाकून बाकीचे आकडे थोडे जुळवून घेतले, आणि तारे, रसायनं, लांब आयुष्य असलेलं विश्व तरीही उभं राहू शकतं असं दाखवलं. २००८ मध्ये फ्रेड ॲडम्सने ताऱ्यांसाठी लागणारे तीन आकडे एकदम फिरवून पाहिले, त्याने घेतलेल्या पट्ट्यातल्या जवळपास पाव भागात तारे चालू राहत होते. पाव भाग! म्हणून ‘शक्यता अब्जात एक’ असं कोणी म्हणालं की मी विचारतो, ही शक्यता कुठून आणली? फासा लाखोंदा टाकून पाहिलेला नाही, त्याला किती बाजू आहेत माहीत नाही, फासा आहे की नाही तेही माहीत नाही. हा प्रश्न मी दोन्हीकडच्या लोकांना विचारतो, त्या न मोजलेल्या शक्यतेतून निर्माता सिद्ध करणाऱ्यांना आणि त्याच शक्यतेतून अनंत विश्वं सिद्ध करणाऱ्यांना. दोघांच्या हातात तोच आकडा आहे आणि तो आकडा कोणी मोजलेलाच नाही.

याला एक सन्माननीय अपवाद आहे आणि तो सांगितला नाही तर मी अन्याय केल्यासारखं होईल. १९८७ मध्ये स्टीव्हन वाइनबर्गने विचारलं की रिकाम्या अवकाशाची ऊर्जा जागोजागी वेगळी असेल आणि आपण जिथे दीर्घिका बनू शकतात तिथेच असू, तर आपल्याला ती किती दिसायला हवी? साधा हिशोब केला तर ही ऊर्जा मोजमापापेक्षा १ वर १२० शून्यं इतक्या पटीने जास्त येते. वाइनबर्ग म्हणाला, दीर्घिका बनायच्या तर ती द्रव्याच्या घनतेच्या फार तर काहीशे पट चालेल, आणि ती अगदी शून्य असायचं मात्र काही कारण नाही. त्या काळात बहुतेकांना वाटत होतं की ती शून्यच असणार. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून विश्वाचा प्रसरणवेग वाढतोय हे दिसलं, आणि आज ती ऊर्जा द्रव्याच्या दुपटीहून थोडी जास्त मोजली जाते. आधी सांगितलं, नंतर सापडलं. २०१४ मध्ये एलिस आणि सिल्क यांनी असल्या थिअऱ्यांना टेस्टपासून सूट देऊ नका असा इशारा दिला तो मला पूर्ण पटतो, पण बहुविश्वातून टेस्ट करण्यासारखं काही निघतच नाही असं कोणी म्हणालं तर त्याने वाइनबर्गला उत्तर द्यायला हवं.

तरीही एवढ्यावर ‘असतं’ म्हणता येत नाही, कारण त्या हिशोबात त्याने एकच आकडा हलवला होता. सुरुवातीच्या विश्वातल्या घनतेच्या चढउतारांचा आकारही जागोजागी बदलत असेल तर ऊर्जा बरीच जास्त असूनही दीर्घिका बनू शकतात आणि अंदाज ढिला पडतो. शिवाय अनंतात मोजायचं कसं हा त्याहून मोठा अडथळा. १, २, ३, ४ असं मोजत गेलं तर निम्मे आकडे सम. आता तेच आकडे असे लावा: १, ३, २, ५, ७, ४, ९, ११, ६, म्हणजे दोन विषम मग एक सम. एकही आकडा गाळला नाही, एकही दोनदा घेतला नाही, तरी मोजत गेलात तर आता तिनात एकच सम. कागदावर स्वतः लिहून बघा, दोन मिनिटं लागतात. बुडबुडे अनंत असतील तर ‘बहुतेक विश्वांमध्ये अल्फा असा असतो’ या वाक्याचं हेच होतं, मोजायचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, आणि कुठला क्रम खरा यावर आजपर्यंत एकमत नाही.

म्हणून मी म्हणतो की नजर इकडे वळवा. आकडा फील्डवरून ठरत असेल तर तो तत्त्वतः हलू शकतो, मग तो इथे, आपल्या काळात आणि आपल्या आकाशात हलला का ते आधी बघा. हा शोध जुना आहे. डिरॅकने १९३७ मध्ये सुचवलं की गुरुत्वाकर्षणाचा जोर विश्वाच्या वयाबरोबर कमी होत असावा, १९४८ मध्ये टेलरने दाखवलं की तसं असतं तर पूर्वीचा सूर्य इतका प्रखर असता की पृथ्वीवरचे समुद्र उकळायच्या बेताला आले असते. पुढे हॉइल आणि जयंत नारळीकरांच्या सिद्धांतातही हा जोर काळाबरोबर कमी होत होता. आज चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून ते तपासता येतं आणि बदल सापडत नाही. कल्पना चुकीची ठरली, पण ठरवता आली, हे मला फार मोलाचं वाटतं.

सगळ्यात सुंदर गोष्ट ओक्लोची. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या युरेनियमच्या कारखान्यात नेहमीची तपासणी चालू असताना युरेनियम २३५ चं प्रमाण ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ निघालं. फरक केवढा, तर दशांशानंतरच्या तिसऱ्या घरात तिनाचा, पण हे प्रमाण सगळीकडे सारखंच असतं म्हणून लोक मागे लागले आणि माग गॅबॉनमधल्या ओक्लोच्या खाणीपर्यंत गेला. तिथे जवळपास दोन अब्ज वर्षांपूर्वी जमिनीखाली पाणी झिरपून युरेनियमची साखळी प्रक्रिया आपोआप पेटली होती आणि काही लाख वर्षं थांबत थांबत चालली होती. १९७६ मध्ये श्ल्याख्तरने तिथल्या समेरियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवलं. समेरियम १४९ मंद न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतं, कारण ०.०९७ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतक्या इवल्या ऊर्जेवर त्याचं बरोबर जुळतं. केंद्रकातले व्यवहार लाखो इलेक्ट्रॉन व्होल्टचे असतात, त्यातल्या दोन मोठ्या रकमांच्या वजाबाकीत उरलेली ही चिल्लर आहे. अल्फा तेव्हा किंचित जरी वेगळा असता तर एक रकम हलली असती आणि चिल्लर पार बदलून समेरियमची भूकच गेली असती. त्या दगडांत उरलेलं समेरियम मोजलं तर तेव्हाही ते असंच अधाशी होतं. अल्फामधला फरक दोन अब्ज वर्षांत साधारण एक कोटीत एक भागाच्या आतच.

क्वेसारचा, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या झगझगीत केंद्रांचा, किस्सा उलटा गेला. १९९९ पासून जॉन वेब आणि सहकाऱ्यांनी अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशातल्या रेषा तपासून सांगितलं की अल्फा तेव्हा लाखात साधारण अर्धा भाग कमी होता, २०११ मध्ये तर आकाशात एका दिशेला जास्त आणि उलट दिशेला कमी असं चित्र मांडलं. खरं ठरलं असतं तर माझा हा लेख वेगळा झाला असता, कारण मग स्थिरांक जागेनुसार बदलतात याचा प्रत्यक्ष पुरावाच हातात आला असता. पण पुढे लघुग्रहांवरून परावर्तित झालेला साधा सूर्यप्रकाश त्याच दुर्बिणींतून पाहिला, तेव्हा तरंगलांबीची पट्टीच लांबवर थोडी वाकडी असल्याचं निघालं. त्यानंतरच्या काटेकोर मोजमापांत तसा बदल दिसत नाही. आणि हे शोधणाऱ्यांमध्ये त्याच मूळ गटातला मायकल मर्फी होता, स्वतःचा गाजलेला निष्कर्ष असा तपासायला घेणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता यावरचा आक्षेप मला माहितीये आणि तो बरोबर आहे. फील्ड ताठ असेल तर एकदा बसलं की इथे ते हलणारच नाही, दुसऱ्या बुडबुड्यात ते भले वेगळ्या जागी बसलेलं असो. म्हणजे ओक्लोत, क्वेसारमध्ये, अणुघड्याळांत काही सापडलं नाही म्हणून लँडस्केप खोटा ठरत नाही. मान्य. पण मग त्याच तर्काने तो खराही ठरत नाही ना! उलट एखाद्या दिवशी अल्फा हलताना सापडला, तर आकडे फील्डवरून ठरतात हे उघड्यावर येईल आणि ‘असू शकतं’ चं वजन एका रात्रीत वाढेल. शिवाय बुडबुड्यांची आणखी एक परीक्षा आहे. आपण खरंच अशा बुडबुड्यात जन्मलो असू तर अवकाशाची वक्रता ऋण बाजूला (खोगिरासारखी) असायला हवी, धन वक्रता स्पष्टपणे मोजली गेली तर बुडबुड्यांची ही गोष्ट अडचणीत येते. आत्तापर्यंत अवकाश मोजमापाच्या मर्यादेत सपाट दिसतंय. दुसरा बुडबुडा आपल्यावर आदळल्याच्या खुणा २०११ मध्ये विश्वाच्या जुन्या प्रकाशाच्या नकाशात शोधल्या गेल्या, ठोस काही मिळालं नाही. हेसुद्धा त्या व्हिडिओत सांगा की, पाच सेकंद लागतील.

माझा स्वतःचा कल विचाराल तर रिकाम्या अवकाशाची ऊर्जा ही केप्लरच्या अंतरांसारखी इतिहासातून आलेली असावी असं मला वाटतं, वाइनबर्गमुळे. अल्फाबद्दल मात्र मला तसं वाटत नाही, त्याचं उत्तर एखाद्या नियमातून निघेल अशी आशा आहे. ही आशा आहे, ज्ञान नाही, आणि दोन्हींसाठी मराठीत क्रियापदाची वेगवेगळी रूपं आहेत तर ती वापरूया.

त्या मुलीला मी परत फोन केला आणि ‘असतं’ च्या जागी ‘असू शकतं’ म्हणायला सांगितलं. ती म्हणाली, "मग कळणार कधी?" तिला मी थोरियमबद्दल सांगितलं. आजची अणुघड्याळं एकमेकांशी ताडून पाहिली तर अल्फा वर्षाला १ वर १७ शून्यं इतक्या भागांत एक भागसुद्धा सरकत नाही इथपर्यंत आपण पोचलोय. थोरियम २२९ च्या केंद्रकात साधारण ८.४ इलेक्ट्रॉन व्होल्टची एक पातळी आहे, समेरियमसारखीच मोठ्या रकमांच्या वजाबाकीत उरलेली चिल्लर, म्हणून अल्फा किंचित हलला तरी ती हजारो पटीने जास्त हलेल असा अंदाज आहे. २०२४ मध्ये हे केंद्रक पहिल्यांदा लेसरने त्या पातळीवर उठवता आलं आणि आता त्यावर घड्याळं बांधायचं काम चालू आहे. ती दहावीला जाईल तेव्हा त्यातलं एखादं चांगलं चालायला लागलं असेल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, असू शकतं.